बापावर गेलेला

मेडिकलच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
रामटेके डॉक्टरीण हातात एक लोखंडी कडी देते.
"देवरावजी, दाबा. जितकं जमेल तितकं."
काटा उठतो, थरथरतो, एकोणीसवर बसतो.
"पुन्हा."
अठरा.

माझ्यानंतर चंद्रभागा.
माझ्याहून तीन वर्षांनी मोठी,
तांडापेठेतून ऑटोनं आलेली.
बांगड्या कोपराकडे सरकवते, पदर खोचते,
कडीला म्हणते, "ये बाप्पा."
सव्वीस.
डॉक्टरीण काटा शून्यावर आणून पुन्हा बघते.

मग हात छातीशी बांधून खुर्चीतून पाचदा उठायचं.
चौथ्या खेपेला माझे गुडघे विचार करायला लागतात.
मग रक्त. जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या,
दोघांवर एकच आडनाव.

"यातनं कळेल?"
"काय, आजोबा?"
"मी बापावर गेलो म्हणून."

बारशातच ठरलं होतं ते.
कपाळ डोमाजीचं, कान डोमाजीचे,
आत्यानं मूठ उघडून बघितली : बोटंही डोमाजीचीच.
तेव्हा ती स्तुती होती.
खड्ड्यातल्या मागावर बाप बसला
की गल्लीला त्याच्या हातावरून वेळ कळायची.
बासष्टाव्या वर्षी त्याच हातातून धोटा निसटला,
लुगड्याच्या काठावर आडवा पडून राहिला.
त्यानंतर चहाची कपबशी दोन हातांनी,
त्यानंतर आम्ही भरवायचो.

तेव्हापासून मी माझ्या हातांकडे
पाहुण्यांकडे बघावं तसं बघत आलोय,
आज आहेत, उद्या निघतील.
माग सोडला, टपालखात्यात पत्रं निवडली,
गव्हाचं पोतं हमालानं उचललं, सिलिंडर शेजारच्या पोरानं.
जपून ठेवलं तर पुरेल, वाटलं.
हात म्हणजे काय बँकेतले पैसे,
हे मला चौतीस वर्षं कुणी सांगितलं नाही
की नसतात.

डॉक्टरीण नळ्या हलवत म्हणाली,
"एकच धागा नसतो हो त्याचा.
शेकडो असतात, प्रत्येकाचा ओढा चिमटीएवढा.
आणि जवळपास निम्मं तर जगण्यावर जातं.
शिवाय हा अभ्यास आहे,
तुमचा वेगळा रिपोर्ट नाही मिळणार."

मग फॉर्म.
वडिलांची ताकद, साठीनंतर : कमी, बरी, चांगली.
मी विचार न करता खूण केली.
खालचा रकाना आईचा.
तिथं पेन अडलं.

आईची ताकद कुणी मोजली होती?
ती भिंतीला टेकून कांड्या भरायची,
बापाचा माग जितका खाई तितक्या.
धोटा कुणी फेकला ते सगळ्यांनी पाहिलं.

"काहून थांबला?" चंद्रभागा खांद्यावरून वाकली.
"ब्याऐंशीव्या वर्षी पाट्यावर मसाला वाटे माय,
वरवंटा सुनेले उचलत नव्हता.
लिही, चांगली."
"ते तुझ्यात आलं."
"अन् तू निरा बापाचाच हायेस का बे?
मायनं का नुसतं भाड्यानं पोट देलं तुले?"

डॉक्टरीण हसू लपवायला खिडकीकडे वळली.
बाहेर मे महिना उभा होता, पंचेचाळीस अंशांचा.

संध्याकाळी कूलर कोरडा खडखडायला लागला.
रोज नातू भरतो, बारा बादल्या.
आज मी नळाखाली बादली लावली,
अर्धी झाल्यावर बंद केला.
एक नेली. सांडली थोडी, पायावर, थंडगार.
दुसरी नेली.
तिसरीला मध्येच टेकवली, दम घेतला,
आणि कडी पुन्हा धरताना पाहिलं,
अंगठा बाकी बोटांवर चढत नव्हता बापासारखा.
तो बाजूला, ताठ, किंचित मागे वळलेला,
सूत त्याच्यावरून घसरत जावं तसा.

मी तो तसाच ठेवला
आणि बादली उचलली.